फोन न करणाऱ्या श्रोत्यासाठी

रात्री उशिराच्या फोन-इन कार्यक्रमाविषयी कोणी विचारपूस करू लागले की ती फोन करणाऱ्यांपासूनच सुरू होते. कोण माणसे फोन करतात, इतक्या रात्री काय सांगतात, त्यांच्या गोष्टी खऱ्या असतात का, एखादा रडू लागला तर निवेदक काय करतो, हे प्रश्न स्वाभाविक आहेत आणि त्यांची उत्तरे मी आजवर आनंदाने दिली आहेत. मुंबईत मी हे काम बरीच वर्षे केले. आधी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका म्हणून काही फोन-इन कार्यक्रम सांभाळले आणि २००२ मध्ये शहरात खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्यानंतर त्यांपैकी एकीवर रात्री अकरा ते दोन या वेळेचा कार्यक्रम चालवला. त्या काळाने माझे एक मत पक्के केले आहे, आणि ते फारसे कोणी मांडत नाही म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. या कार्यक्रमाचा मुख्य श्रोता फोन करत नाही. तो अंथरुणावर पडून, टॅक्सी उभी करून किंवा कामाच्या जागी जागा राहून ऐकत असतो, त्याचे नाव आपल्याला कधी कळत नाही, आणि निवेदकाची पहिली बांधिलकी त्याच्याशी असते.

या कामाची शिस्त मला आकाशवाणीने दिली. मुंबईत प्रसारणाची परंपरा जुनी आहे. जून १९२३ मध्ये येथील रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण सुरू केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. चर्चगेटच्या इमारतीत आम्ही नैमित्तिक निवेदक स्वरचाचणी देऊन दाखल झालो, तेव्हा आवाजापेक्षा वेळेचे भान अधिक तपासले जाते हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. ड्यूटी रूममध्ये क्यू शीट, म्हणजे काय केव्हा वाजवायचे याचा तक्ता, घ्यायचा, फेडर, म्हणजे आवाज चढवण्या-उतरवण्याची सरकपट्टी, केव्हा उचलायचा ते पाहायचे, आणि आपल्या दोन वाक्यांमुळे पुढचे वार्तापत्र अर्ध्या मिनिटाने पुढे ढकलले जाणार नाही याची काळजी घ्यायची. फर्माईशीच्या कार्यक्रमात श्रोत्यांची नावे वाचताना एका ज्येष्ठ निवेदिकेने मला सांगितले होते की प्रत्येक नाव सारख्याच आदराने उच्चारावे, कारण ज्यांनी पत्र पाठवलेले नाही तेही ही यादी ऐकत असतात आणि आपले नाव येथे कसे घेतले गेले असते याचा अंदाज बांधत असतात. तेव्हा तो उच्चाराचा धडा वाटला होता. पुढे फोन-इन करू लागले तेव्हा त्यातच सारे काम सामावले असल्याचे जाणवले.

फोन कोण करते हे त्या त्या काळचा टेलिफोन ठरवत असे. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरात महानगर टेलिफोन निगमचे उपकरण बहुधा दिवाणखान्यात असे आणि त्याच खोलीत घरातली दोन-तीन माणसे झोपलेली असत, त्यामुळे रात्रीचा फोन करणारी व्यक्ती कुजबुजत बोले किंवा केवळ फर्माईश सांगून ठेवून देई. चाळीत तर एका फोनवर अख्खा मजला अवलंबून असे. पिवळ्या रंगाच्या पीसीओवरून बोलणाऱ्याचे लक्ष समोरच्या मीटरवर आणि पाठीमागच्या रांगेवर असे. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला खरा, पण त्या वेळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. अशा यंत्रावरून कोणी रेडिओ केंद्राला मनातले सांगेल हे संभवनीय नव्हते. मे २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि आमच्या कार्यक्रमाचे स्वरूप काही महिन्यांत पालटले. इमारतीचा वॉचमन मिस्ड कॉल देई, आमचा प्रोड्यूसर त्याला उलट फोन करी, आणि ज्याच्या खिशात दहा रुपयांचाही बॅलन्स नाही असा माणूस निवांतपणे बोलू शके. गच्चीवर, जिन्यात, न्हाणीघरात जाऊन बोलता येऊ लागल्यामुळे स्त्रियांचे फोन वाढले, आणि त्याही आता फर्माईशीच्या पुढे जाऊन बोलू लागल्या. आमच्या वाहिनीची भाषा हिंदी होती, परंतु बारा वाजून गेले की निम्मे संभाषण आपसूक मराठीत येई, आणि त्या वेळेला त्याविषयी वरून कोणी हरकत घेत नसे. मी प्रत्येकाला ‘तुम्ही’ म्हणत असे. एफएमच्या रीतीप्रमाणे श्रोत्याला ‘तू’ म्हणावे असा आग्रह होता, तो मी मानला नाही. अठरा वर्षांच्या मुलाला मध्यरात्री कोणी आदराने संबोधले तर तो बोलण्याची घाई करत नाही, हा माझा अनुभव आहे.

रात्रीच्या प्रसारणाला लहरींचाही एक स्वभाव असतो. मध्यम लहरींचे प्रक्षेपण दिवसा वातावरणाच्या वरच्या थरात शोषले जाते; सूर्यास्तानंतर तो शोषणारा थर विरतो आणि लहरी त्याहून उंच थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर पोहोचतात. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या केएसएल या ५० किलोवॉटच्या केंद्रावरून हर्ब जेप्को यांनी १९६४ मध्ये रात्रभराचा फोन-इन सुरू केला, तेव्हा तो पश्चिमेकडच्या कितीतरी राज्यांत ऐकू जाई तो याच कारणाने. त्यांचे श्रोते प्रामुख्याने वृद्ध, एकटे, झोप न येणारे असे होते. वादाचे विषय ते टाळत आणि घरगुती गोष्टी बोलू देत, आणि श्रोत्यांनी आपापल्या गावी मंडळे स्थापून एकमेकांना भेटायला सुरुवात केली होती. १९७५ मध्ये म्युच्युअल या रेडिओ केंद्रांच्या साखळीने तो कार्यक्रम देशभर नेला. त्याच साखळीने १९७८ मध्ये मध्यरात्रीची वेळ मुलाखतकार लॅरी किंग यांच्याकडे सोपवली आणि फोन-इनचे वळण घरगुती बोलण्याकडून मुलाखतीकडे व चर्चेकडे गेले. किंग यांची जिज्ञासा मला आवडते, पण जेप्को यांना आपल्या मूक श्रोत्याची ओळख अधिक नेमकी पटली होती असे मला वाटते. ज्याला झोप येत नाही त्याला दोन वाजता वादात ओढण्यात कोणाचे भले होते?

मुंबईतल्या एफएमचा पल्ला त्या मानाने अगदी लहान. या लहरी साधारण दृष्टिरेषेत जातात, म्हणून आमचे श्रोते वसई, कल्याण आणि पनवेलच्या अलीकडे वसलेले होते. मला ही मर्यादा फार मोलाची वाटे. बोलणाऱ्याने ‘शेवटची बोरिवली चुकली’ असे म्हटले की ऐकणाऱ्या प्रत्येकाला चर्चगेटचा एकच्या सुमाराचा फलाट डोळ्यांसमोर येई आणि पहिली लोकल येईपर्यंतचे तीन तास म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नसे. मालाडच्या कॉल सेंटरमधली मुले, बेकरीतले कामगार, पहाटेच्या फुलबाजारासाठी दादरला निघालेले टेम्पोवाले, परळच्या रुग्णालयांबाहेर पथारी टाकून राहिलेले रुग्णांचे नातेवाईक, तान्ह्या मुलांच्या आया, हे सगळे एकाच शहराच्या एकाच रात्री जागे असत, आणि त्यांतले बहुतेक जण फोन न करता फक्त ऐकत.

निवेदकाच्या आवाजामागे जी यंत्रणा असते तिच्याविषयीही लिहायला हवे, कारण ती नसेल तर चांगल्या मनाचा निवेदकसुद्धा नुकसान करून बसतो. फोन प्रथम प्रोड्यूसर घेतो. तो नाव, साधारण वस्ती आणि विषय विचारतो. माणूस प्यायलेला आहे का, शेजारी कोणी त्याला बोलायला भाग पाडते आहे का, याचा अदमास घेतो आणि मग लाइन माझ्याकडे देतो. टेलिफोनच्या एकाच जोडतारेवरून येणारा आणि जाणारा आवाज वेगळा करणाऱ्या हायब्रिड नावाच्या उपकरणातून बोलणाऱ्याचा आवाज माझ्यासमोरच्या कन्सोलवर, म्हणजे ध्वनिनियंत्रणाच्या टेबलावर, येतो. टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेतो, त्यामुळे बोलणाऱ्याच्या छातीतला खर्ज गळून पडतो आणि आवाज पातळ ऐकू येतो, तर निवेदकाचा आवाज महागड्या मायक्रोफोनमुळे भरदार येतो. श्रोत्याच्या कानी हा फरक सतत पडत असतो आणि त्यातून निवेदक मोठा व फोन करणारा लहान असा समज नकळत तयार होतो. म्हणून मी फोन चालू असताना माइकपासून थोडी मागे सरून, आवाज मुद्दाम खाली ठेवून बोलत असे. प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवणारे डिले यंत्र असते. नको तो शब्द, एखाद्याचा पत्ता किंवा पूर्ण नाव उच्चारले गेले तर बटण दाबून तेवढा भाग बाहेर जाण्याआधीच गाळता येतो. शिव्यांसाठी ते बटण मला क्वचितच वापरावे लागले. बहुतेक वेळा ते तिसऱ्याच कोणाचे तरी नाव वाचवण्यासाठी वापरले, उदाहरणार्थ जिच्याविषयी तक्रार चालली आहे त्या सुनेचे किंवा मालकिणीचे, जिला या संभाषणाची कल्पनाही नाही.

एका फोनविषयी जरा विस्ताराने सांगते. डोंबिवलीकडून एक बाई बोलत होत्या. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला होता, त्या रात्रभर उठून दार उघडायला जात, आणि या बाई कित्येक महिने सलग झोपल्या नव्हत्या. नवरा रातपाळीला होता. थोडा वेळ त्या दिनक्रम सांगत राहिल्या आणि मग एका श्वासात म्हणाल्या, “ताई, आता त्या गेल्या तर बरे असे मला वाटते, आणि मी वाईट बाई आहे.” अशा वेळी निवेदकापुढे दोन सोपे मार्ग उभे राहतात. एक म्हणजे ‘असे बोलू नये, त्या तुमच्या आईसारख्या आहेत’ असे म्हणून कर्तव्याची आठवण करून देणे, आणि दुसरा म्हणजे ‘तुम्ही मुळीच वाईट नाही’ असे म्हणून त्यांची सुटका करणे. पहिल्याने त्या बाई फोन ठेवतील हे उघड आहे. दुसऱ्याने त्यांना घटकाभर बरे वाटेल, पण त्याच वेळी अशाच एखाद्या घरात कोणी वृद्धा स्वतः जागी राहून हा कार्यक्रम ऐकत असेल, आपण घराला जड झालो आहोत ही शंका तिच्या मनात असेल, तर तिच्या कानी काय पडेल? आणि तिची सून पलीकडच्या खोलीत ऐकत असेल तर तिला काय मिळेल? मी विचारले, “रात्री किती वेळा उठावे लागते?” त्या सांगू लागल्या. मग दाराला कडी कोणती आहे, दिवसा दोन तास कोणी शेजारीण बसू शकते का, डॉक्टरांनी रात्रीची औषधे केव्हा द्यायला सांगितली आहेत, असे एकेक विचारत गेले. त्या वाईट आहेत की चांगल्या याचा निवाडा मी दिला नाही. बोलणे संपताना त्यांचा आवाज सावरलेला होता आणि त्या म्हणाल्या की उद्या नवऱ्याला वरच्या बाजूला कडी बसवायला सांगते.

पुढच्या काही आठवड्यांत केंद्रावर पत्रे येत राहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आम्हाला कधी फोन केलेला नव्हता. एका गृहस्थांनी वहीच्या कागदावर आपल्या वडिलांसाठी केलेली व्यवस्था आकृतीसह लिहून पाठवली होती. एका बाईंनी लिहिले होते की त्या रात्री नवऱ्याने प्रथमच त्यांना विचारले, तू किती वेळा उठतेस. मला त्या फोनचे मोल या पत्रांवरून कळले. फोन करणारीला थोडा आधार मिळाला असेल. परंतु घरातल्या माणसाशी जे बोलता येत नव्हते ते रेडिओवर परक्या बाईच्या तोंडून ऐकल्यामुळे किती घरांत बोलता आले, याची मोजदाद कोणत्याही श्रोतृगणनेत होत नाही.

काही फोन मात्र प्रक्षेपणावर न घेणेच योग्य असे. जिवाचे बरेवाईट करण्याविषयी कोणी बोलू लागले तर प्रोड्यूसर त्याला लाइनवर धरून ठेवी, मी लांबलचक गाणे लावी आणि बोलणे प्रक्षेपणाबाहेर होई. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये माध्यमांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत आत्महत्येची पद्धत वर्णू नये, तिला समस्येवरचा उपाय म्हणून दाखवू नये, मदत कोठे मिळेल ते सांगावे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि रात्रीच्या रेडिओला ते सर्वाधिक लागू पडते, कारण ऐकणारा बहुधा एकटा असतो. शिवाय कायद्याचा प्रश्न होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाल्यावर अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाऊ लागले. त्याआधी ‘मागच्या वर्षी मी गोळ्या घेतल्या होत्या’ असे थेट प्रक्षेपणात सांगणारा माणूस गुन्ह्याची कबुली देत असे. कलम ३७७ चेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. तोवर आपल्या जोडीदाराविषयी बोलणाऱ्या तरुणांना आम्ही आधीच नाव बदलायला आणि उपनगर न सांगायला सुचवत असू. ते फोन मी घेतले याचे मला आजही समाधान आहे, कारण अशा प्रत्येक फोनच्या वेळी तसाच कोणीतरी दुसरा, फोन उचलण्याचे धैर्य नसलेला, ऐकत असणार याची मला खात्री होती. कोणाला पुढे पाठवायचे याची यादी कन्सोलजवळ चिकटवलेली असे. तिच्यात टाटा समाजविज्ञान संस्थेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या, मुलांसाठीच्या चाइल्डलाइन या मदतसेवेचा १०९८ हा क्रमांक होता, आणि २०१२ पासून त्याच संस्थेच्या आयकॉल या समुपदेशन सेवेची त्यात भर पडली.

२६ जुलै २००५ ची रात्र यांहून वेगळी होती. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या, वीज आणि टेलिफोन जागोजागी बंद पडले, आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ हेच कित्येक ठिकाणी एकमेव साधन उरले. खासगी वाहिन्यांना बातम्या देण्याची मुभा नव्हती. वाहतूक, हवामान, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती बातम्यांत धरली जाणार नाही हे सरकारच्या २०११ च्या एफएम धोरणात लेखी स्पष्ट झाले. त्या रात्री तसा लेखी आधार आमच्याकडे नव्हता. ज्यांचे फोन लागत होते ते आपण कोठे अडकलो आहोत एवढेच सांगत, आणि आम्ही ते निरोप आडनाव वगळून, कार्यालयाचे किंवा थांब्याचे ठिकाण सांगून पुन्हा पुन्हा वाचत होतो. येथे फोन करणाऱ्याला आमच्याकडून काहीच नको होते. त्याचे बोलणे सर्वस्वी घरी बसून ऐकणाऱ्या, फोन लावू न शकणाऱ्या माणसासाठी होते.

या कामाने दिवसाचे आयुष्य उलटेपालटे होते, हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. पहाटे तीनला घरी पोहोचायचे, मुलाला शाळेत सोडून झोपायचे, लग्नकार्याला संध्याकाळी लवकर निघायचे, ही घडी घरच्यांनी सांभाळून घेतली तरच बसते. माझ्या सासूबाई रोज रात्री कार्यक्रम ऐकत आणि त्याविषयी कधीही अवाक्षर काढत नसत.

पुढे थेट फोन घेणे हळूहळू बंद झाले. रात्रीच्या वेळेला जाहिराती कमी, माणसे ठेवणे महाग, आणि थेट प्रक्षेपणात कायदेशीर जोखीम असते. म्हणून अनेक ठिकाणी फोन दुपारीच ध्वनिमुद्रित करून, कापून, मधली शांतता काढून टाकून रात्री वाजवले जाऊ लागले. फोन करणाऱ्याच्या दृष्टीने त्यात सुरक्षितता आहे, हे मी मान्य करते. पण रात्री एक वाजता ऐकणाऱ्याला समोरचे दोघे आत्ता जागे आहेत ही जी खात्री असे ती त्यात उरत नाही, आणि ती गेल्यावर रात्रीची वेळ ठेवण्याला कारणही उरत नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते, ही फार चांगली सोय आहे; मात्र तेथले संभाषण गोपनीय असते आणि असायलाच हवे, त्यामुळे त्याचा लाभ फोन करणाऱ्यापुरताच राहतो.

जर्मनीत कोलोनहून युर्गेन डोमियान यांनी डब्ल्यूडीआर या सार्वजनिक प्रसारणसंस्थेवर १९९५ ते २०१६ अशी २१ वर्षे रात्री एक ते दोन हा फोन-इन केला. तो रेडिओ आणि दूरचित्रवाणी दोन्हींवर एकाच वेळी थेट जात असे. डोमियान मानसशास्त्रज्ञ नव्हते, साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकलेले पत्रकार होते. परंतु मागच्या खोलीत मानसशास्त्रज्ञांचे पथक बसलेले असे आणि गरज पडेल तसा फोन त्यांच्याकडे जाई. थेटपणा आणि सुरक्षितता यांत एकाचीच निवड करावी लागते असे नाही, हे त्यांनी दोन दशके दाखवले, आणि ते सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थेला शक्य झाले.

म्हणून मी आकाशवाणीला देण्यासाठी एक प्रस्ताव तयार केला आहे. आठवड्यातून दोन रात्री, साडेअकरा ते साडेबारा, मराठीतून, जाहिरातींशिवाय थेट फोन-इन. डिले यंत्र, एक अनुभवी प्रोड्यूसर, शेजारच्या खोलीत दोन समुपदेशक आणि प्रत्येक तासाला जास्तीत जास्त चार फोन. यशाचे मोजमाप आलेल्या फोनच्या संख्येवर करू नये असे पहिल्याच पानावर लिहिले आहे. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी आलेली पत्रे व संदेश वाचायला एक व्यक्ती नेमावी आणि त्यांतली किती जण कधीच फोन न केलेली आहेत याची नोंद ठेवावी, असे सुचवले आहे. खर्चाचा तक्ता एका निवृत्त कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यायचा तेवढा राहिला आहे.